मधले बटण

मी एक जुना कोट आहे. मित्रांनो, पुढून पाहाल तर तुम्ही मला उठून सलाम कराल. काळे जाड कापड, रुंद कॉलर, छातीवर एक खिसा आणि पोटावर तीन बटणे. पण कृपा करून मला मागून बघू नका. मला पाठ नाही. कॉलरच्या खालपासून थेट शेवटापर्यंत मी उभा चिरलेला आहे आणि दोन्ही कडांना चार-चार नाड्या शिवलेल्या आहेत. पुढून साहेब आणि मागून झबले, अशी माझी गत आहे.

जन्मलो तेव्हा मी धडधाकट होतो. एका शिंप्याने मला एका गिऱ्हाइकासाठी शिवले. ते गिऱ्हाईक माप देऊन गेले ते गेलेच. मला बटणे लावत असताना शिंप्याच्या हातून कातरी निसटली आणि मधल्या बटणाच्या कडेचा बारीक टवका उडाला. बटण काळे होते, चार भोकांचे, चांगले जाड. शिंपी मुलखाचा आळशी. दुसरे बटण आणायला कोण उठणार? टवका खालच्या बाजूला येईल असे फिरवून त्याने तेच लावले आणि स्वतःशीच म्हणाला, "कोण बघतंय." नंतर वर्षभर मी त्याच्या दुकानात धूळ खात पडलो होतो. तेव्हा मला वाटायचे, यापेक्षा वाईट काही असूच शकत नाही.

मग एके दिवशी एक तरुण फोटोवाला मला घेऊन गेला. त्याने बाजाराच्या मागच्या गल्लीत, लाकडी जिना चढून वर, एक खोली घेतली होती. खोलीत उत्तरेकडे दुधी काचेची मोठी खिडकी होती, एक स्टूल होते, तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा होता आणि फोटो काढताना डोक्यावर घ्यायचे काळे फडके होते. पडद्यामागच्या अर्ध्या खोलीत त्याचा संसार होता. मला वाटले, आता हा मला अंगात घालून मिरवणार. त्याने मला टेबलावर पालथे घातले आणि पाठीवरून कातरी चालवली. त्याची बायको हळहळली. "अहो, चांगला कोट फाडताय कशाला?" तिने विचारले. त्यावर तो म्हणाला, "माणसं येणार हजार मापांची आणि कोट एकच. फोटोत पाठ दिसत नाही." बायकोने उसासा टाकला आणि नाड्या शिवायला घेतल्या.

त्या दिवशी मी मनातल्या मनात पुष्कळ रडलो. पण खरे सांगू का? पाठ गेली म्हणूनच मला माणसे मिळाली. शिंप्याच्या गिऱ्हाइकाकडे गेलो असतो तर एकाच माणसाच्या घामात माझा जन्म गेला असता. इथे सगळे गाव माझ्यात येऊन गेले. ज्यांच्या घरी कोट नव्हता, पण फोटोत मात्र हवा होता, ते सगळे माझे. लग्न ठरलेले कारकून आले, बढती मिळालेले पोस्टमन आले. एक न्हावी तर आरशात स्वतःला बघून इतका खूश झाला की फोटो काढायचे विसरून नुसताच उभा राहिला. एकदा एक गवंडी आला, त्याची छाती एवढी रुंद की माझ्या नाड्या एकमेकींना पोचेनात. फोटोवाल्याच्या बायकोने सुतळीने जोड दिला. पुढून तो थेट न्यायाधीश दिसत होता. त्याची पोरे मागे उभी राहून पोट धरधरून हसत होती.

गंमत म्हणजे, मी अंगावर चढलो की प्रत्येकाची मान ताठ व्हायची. ज्याने आयुष्यात कुणाकडे वर डोळे करून पाहिले नाही, तोही दोन मिनिटे जगाकडे बघून घ्यायचा. नियम एकच होता, वळायचे नाही. या गावातल्या किती घरांच्या भिंतींवर मी टांगलेला आहे याची गणतीच नाही. प्रत्येक घरात नातवंडांना सांगतात, आमच्या आजोबांचा कोट बघा कसा होता. फोटोवाल्याने ही गोष्ट जन्मभर पोटात ठेवली. मीही आज तुम्हालाच सांगतो आहे, बाहेर बोलू नका.

आता माझ्या बटणांची गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे.

फोटोवाला प्रत्येक फोटोची नोंद एका जाड वहीत करायचा. कोणाचा फोटो, कोणत्या दिवशी, सगळे शाईने लिहिलेले. एका वर्षी माळ्यावरची टाकी गळाली आणि पाणी नेमके त्या वहीवर पडत राहिले. लक्षात आले तेव्हा वहीचा निळा लगदा झाला होता. फोटोवाला दोन दिवस जेवला नाही. काही वर्षांनी लोक जुने फोटो घेऊन यायला लागले. हा आमच्या वडिलांचा फोटो कधीचा, हा काकांचा लग्नाआधीचा की नंतरचा, असे विचारायचे. फोटोवाला काय सांगणार? तो कानकोंडा होऊन मान हलवायचा.

वाट सापडली ती त्याच्या बायकोला. त्यांना एकच मुलगी होती. दर नोव्हेंबरात तिच्या वाढदिवसाला फोटोवाला मला अंगात घालून मुलीला मांडीवर घ्यायचा आणि बायको कॅमेऱ्याचा खटका दाबायची. ते फोटो ओळीने भिंतीवर लावलेले होते. एकदा धूळ पुसता पुसता बायको थांबली. पहिल्या काही फोटोंत माझी तिन्ही बटणे काळी होती. एका वर्षापासून मधले बटण बदललेले दिसत होते. तिथे तिने स्वतःच्या जुन्या स्वेटरचे फिकट, दोन भोकांचे बटण लावले होते. आणखी चार वर्षांनी खालचे बटण पितळी झाले, मग वरचेही गेले. सगळी बटणे तिच्याच हातची, त्यामुळे तिला ओळख पटायला वेळ लागला नाही. "तुमच्या वहीपेक्षा माझी सुई बरी," ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे फोटोंचे वय सांगायचे काम सुरू झाले.

कुणी फोटो घेऊन आला की फोटोवाला भिंग काढायचा, फोटोतल्या माझ्या बटणांवर धरायचा, मग भिंतीवरच्या फोटोंची ओळ बघायचा. एक तरुण आला होता. हा फोटो आमच्या आजोबांच्या पंचविशीतला आहे, असे तो छातीठोकपणे सांगत होता. बटणांवरून आजोबा चाळिशीचे निघाले. मुलगा हिरमुसला तेव्हा फोटोवाला म्हणाला की काही माणसे उशिरा म्हातारी होतात. मुलगा समाधानाने गेला. अशा वेळी मला माझा मोठा अभिमान वाटायचा. नुसते कापड नव्हतो मी, गावाचे कॅलेंडर होतो.

पण दिवस सारखे राहत नाहीत, मित्रांनो. रंगीत फोटो आले, मग खिशातल्या फोनमध्येच कॅमेरा आला. लोकांना उसना कोट नको झाला. फोटोवाल्याची मुलगी तर कधीच लग्न होऊन परगावी गेली होती. मग त्याची बायको आजारी पडली आणि एका हिवाळ्यात गेली. त्यानंतर माझी नाडी तुटली तर तशीच राहिली. कॅमेऱ्यावर चादर पडली. मला दारामागच्या खुंटीवर अडकवले, तो आजतागायत मी तिथेच आहे. माझ्या डाव्या बाहीत कसर लागली आहे. फोटोवाला पंच्याण्णवीला टेकला, त्याच्या एका डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. दिवसेंदिवस आम्ही दोघेच असतो, आणि बोलणारा त्यातला एकच.

गेल्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, जिन्यावर पावले वाजली. दर दोन पायऱ्यांनंतर कुणीतरी थांबत होते. एक बाई वर आल्या. अडुसष्ट-सत्तरीच्या असतील, पांढरे केस घट्ट बांधलेले, पायांत पांढऱ्या सपाट चपला. हातात एक जुनी कापडी पिशवी होती, हजारदा धुऊन रंग उडालेली, तोंडाला एक कापडी फास आणि एक मोठे बटण असलेली. फोटोवाल्याने त्यांना स्टुलावर बसवले. जुन्या फोटोंच्या तारखा तुम्ही सांगता असे ऐकले, म्हणून आले, असे त्या म्हणाल्या. फोटोवाल्याचा चेहरा उजळला. किती दिवसांनी त्याला कुणी हे विचारले होते. त्याने चादरीखाली हात घालून भिंग शोधले.

बाईंनी पिशवीतून एक लहान फोटो काढला. त्यात मी होतो. माझ्यात एक तिशीचा, बारीक चेहऱ्याचा माणूस होता आणि त्याच्या हातांवर एक बाळ बसले होते. बाळ कॅमेऱ्याकडे अगदी रोखून बघत होते. मागच्या बाजूला पेन्सिलीने, बाईमाणसाच्या अक्षरात, एवढेच लिहिले होते: हे आणि छकू.

"छकू म्हणजे मी," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे, मला असं वाटत होतं."

मग त्यांनी सगळे सांगितले. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरे जुळवायचे. छकू आठ महिन्यांची असताना, जानेवारीत, छातीच्या आजाराने ते गेले. त्यांची काहीच आठवण नाही, असायची शक्यताच नाही. होता तो हा एक फोटो. लहानपणी त्यांनी आईला विचारले होते, ही मी का? आई हो म्हणाली होती. पुढे त्या नर्स झाल्या. रात्रपाळ्या, सुट्ट्या, सगळे आयुष्य दवाखान्यात गेले आणि हा फोटो त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला असायचा. कंटाळा आला, कुणी टाकून बोलले, की त्या दार उघडून बघायच्या. आपल्यालाही कुणीतरी असे दोन्ही हातांवर घेतले होते, एवढे बघितले की त्यांचे भागायचे.

आणि मग गेल्या वर्षी त्यांची आत्या फार थकली. शेवटच्या दिवसांत तिला काळवेळ उमजेना. एका दुपारी ती यांचा हात धरून म्हणाली, "तू दुसरी छकू ना गं? पहिली फार गुणी होती." यांनी खोदून विचारले तेव्हा कळले की यांच्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ महिन्यांची होऊन तापाने गेली. दोन वर्षांनी या झाल्या तेव्हा वडिलांनी हट्टाने तेच नाव ठेवले. घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही, आणि आई तर जाऊनही आता बावीस वर्षे झाली.

मी खुंटीवर होतो, आणि मला उत्तर माहीत होते.

"काका, मला दुसरं काही नको," बाई म्हणाल्या. "माझ्या बापाच्या हातावर मी आहे का ती आहे, एवढंच सांगा. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. मी लोकांना आयुष्यभर तसं सांगत आलेय, मला ते लगेच ओळखू येतं."

फोटोवाल्याने भिंग फोटोवर धरले. बाईंनी आपला हिशेब आधीच मांडून ठेवला होता. फोटोतल्या बाळाचे खालचे दोन दात दिसत होते आणि ते आधार न घेता बसले होते. हजारो बाळे त्यांच्या हातांखालून गेली होती. हे बाळ सात महिन्यांच्या आतले नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांचा जन्म मेमधला, म्हणजे त्या सात महिन्यांच्या झाल्या डिसेंबरात. वडील गेले जानेवारीत. फोटो त्यांचा असेल तर तो त्या एका महिन्यातच काढलेला असणार.

फोटोवाला उठला, भिंतीला धरत धरत मुलीच्या वाढदिवसांच्या ओळीपाशी गेला. बाईंच्या जन्मसालाच्या नोव्हेंबरातला फोटो त्याने काढून आणला. त्यात तो स्वतः होता, मांडीवर मुलगी होती आणि माझे मधले बटण फिकट होते, दोन भोकांचे. मग त्याने बाईंचा फोटो पुन्हा पाहिला. तिथे तिन्ही बटणे काळी होती. त्याने दुसऱ्यांदा पाहिले, भिंग पुसून तिसऱ्यांदा पाहिले. त्याच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते. दिसत नाही म्हणाला असता तर चालले असते. तेवढे म्हातारपण त्याच्याकडे होते.

"नोव्हेंबरात बटण बदललेलं होतं," तो शेवटी म्हणाला. "डिसेंबरातला फोटो असता तर मधलं बटण फिकट दिसलं असतं. हा फोटो त्याच्या आधीचा आहे, ताई. निदान दोन वर्षं आधीचा."

बाईंनी फोटो हातात घेतला आणि बाळाकडे बघत राहिल्या. खाली गल्लीत कुणीतरी लोखंडी दार वर ढकलून दुकान उघडत होते. त्याचा आवाज थांबल्यावर त्यांनी पेन मागितले. फोटो पालथा केला आणि आईच्या अक्षरातल्या छकूच्या आधी, वरच्या बाजूला, एक शब्द लिहिला: थोरली. शाई वाळेपर्यंत त्यांनी त्यावर फुंकर घातली.

"तिचा तरी आहे," त्या म्हणाल्या. "तिला कुणी आठवत पण नव्हतं. आणि मी तिच्या जागी बसून राहिले."

मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते तर! मी चाळीस वर्षे अनोळखी माणसांना मिठीत घेतले, कधी तक्रार केली नाही, पाठ कापली तरी सहन केले. पण त्या सकाळी मला माझ्या मुकेपणाचा जेवढा राग आला तेवढा कातरीचाही आला नव्हता. कारण फोटोवाल्याने सांगितले ते खरे होते, पण पुरे नव्हते. उरलेले त्याला आठवत नव्हते. त्याच्यासाठी ती हजारातली एक दुपार होती. मला आठवत होते, कारण माझे बटण त्या दुपारी गेले.

तो माणूस दोनदा आला होता.

पहिल्यांदा आला तेव्हा बायको बरोबर होती. त्याच्या बोटांची टोके छापखान्याच्या शाईने काळी होती. तीनदा हात धुतले तरी जाईनात, म्हणून त्याने ती बाळाच्या फ्रॉकखाली लपवली. माझ्या नाड्या त्याच्या बायकोने बांधल्या, एकेक गाठ ओढून बघत. पाठीवर दोन कडांमध्ये चार बोटांचे अंतर राहिले होते. बाळ इतके शांत बसले की फोटोवाल्याने तिचे कौतुक केले. असे गिऱ्हाईक रोज यावे, असे तो म्हणाला. तोच हा फोटो. दोन महिन्यांनी ते बाळ गेले, हे मला तेव्हा कळले नव्हते.

दुसऱ्यांदा आला तो एकटा, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, दुसरे बाळ घेऊन. बायकोला न सांगता आला होता. ती फोटोचे नाव काढू देत नाही, पहिल्या वेळी फोटो काढला आणि पोर गेली असे तिच्या मनाने घेतले आहे, असे त्याने फोटोवाल्याला हळूच सांगितले. फोटोवाल्याने माझ्या नाड्या बांधल्या. या वेळी चार बोटांचे अंतर कुठले, माझ्या दोन्ही कडा त्याच्या पाठीवर एकमेकींवर चढल्या. मी कोट आहे, मला माणसाचे आकडे कळत नाहीत, पण माणूस किती उरला आहे ते कळते. तो खोकला की माझ्या आत काहीतरी खुळखुळायचे.

हे दुसरे बाळ म्हणजे नुसता भोवरा होता. पाच महिन्यांचे, धड बसताही येत नव्हते. फोटोवाला काळ्या फडक्याखाली शिरला, हलू नका म्हणाला, आणि त्याच वेळी तिने माझे मधले बटण मुठीत पकडून अशी काही ओढ मारली की दोरा तट्कन तुटला. बटण सरळ तोंडात. बापाने घाबरून बोट घालून ते बाहेर काढले, माझ्या आत हात सरकवून आपल्या शर्टाच्या खिशात टाकले, आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा, ती काच वाया गेली. फोटोवाला फडक्यातून बाहेर येऊन म्हणाला, "बाळ हललं हो, सगळं पुसट येणार." त्यावर तो माणूस हसला. मला त्याचे हसणे छातीत जाणवले.

"हलू दे," तो म्हणाला. "पहिली फार शांत बसली होती."

पुन्हा या, ती जरा बसायला लागली की काढू, असे फोटोवाला म्हणाला. पुढच्या महिन्यात येतो, असे त्याने सांगितले. बटणाची आठवण दोघांनाही राहिली नाही. संध्याकाळी फोटोवाल्याच्या लक्षात आले, तेव्हा दोघे नवराबायको जमिनीवर ओणवे होऊन शोधत बसले. सकाळी गिऱ्हाईक यायचे होते म्हणून तिने आपल्या स्वेटरचे फिकट बटण तोडून लावून टाकले. हललेला फोटो ठेवायचा नाही, असा फोटोवाल्याचा शिरस्ता होता. त्याने ती काच धुऊन टाकली. आणि तो माणूस पुन्हा आला नाही.

आता तुम्हाला कळले असेल. ज्या बटणाने त्या बाईंचा फोटो त्यांच्यापासून काढून घेतला, ते त्यांनीच तोडले होते. बापाच्या हातांवर बसून तोडले होते.

जाण्याआधी बाईंनी विचारले, "तोच कोट का हा?" फोटोवाल्याने मान हलवली. त्या उठून दारामागे आल्या. आधी त्यांनी माझ्या कॉलरवरून हात फिरवला, मग बाही हातात धरली, जसा आजारी माणसाचा हात मनगटाजवळ धरतात तशी. मग त्यांचे बोट माझ्या मधल्या बटणावर येऊन थांबले. अडुसष्ट वर्षांनी तेच बोट, तीच जागा. मी जीव एकवटून म्हणत होतो, ओढ, छकू, ओढ. त्यांनी बटण नीट केले आणि हात काढून घेतला.

वडिलांची दुसरी काही वस्तू आहे का, असे फोटोवाल्याने विचारले. काही म्हणजे काही नाही, त्या म्हणाल्या. ही पिशवी आईच्या हातची, तेवढीच जुनी. असे म्हणत त्यांनी फोटो पिशवीत ठेवला आणि फास बटणावर चढवायला पिशवी उजेडाकडे धरली. तेव्हा मला ते बटण पहिल्यांदा नीट दिसले. काळे, जाड, चार भोकांचे, आणि कडेला बारीक टवका उडालेला.

ते तिथे कसे पोचले ते मी पाहिलेले नाही. पण अंदाज करता येतो. नवरा गेल्यावर त्याचे शर्ट धुताना एका खिशात तिला एक परके बटण सापडले असेल. कुठले, कशाचे, विचारायला तो नव्हता. टाकवले नसेल, म्हणून तिने ते पिशवीला लावले. पुढे त्याच पिशवीतून लेकीच्या वह्या गेल्या, डबे गेले, नर्सचे कपडे गेले, आणि रोज तेच बटण त्या लेकीने उघडले आणि लावले.

मी हललो. खरेच सांगतो, वारा नव्हता तरी मी खुंटीवर हललो. फोटोवाला डोळे बारीक करून चष्मा शोधत होता. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले, दार पुढे ओढून घेतले, आणि दर दोन पायऱ्यांनंतर थांबत त्या जिना उतरून गेल्या. त्यांचा पत्ता कुणी विचारला नाही. फोटोवाला त्या दिवशी जेवणावरून तसाच उठला.

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत. कसर बाहीतून खांद्यापर्यंत आली आहे. मला उन्हात घालायला सांगत नाही, बटण लावायलाही सांगत नाही. एवढेच करा. घरातले फोटो काढा आणि ज्यांना आठवते आहे त्यांना आजच विचारा. कोण आहे, कधी काढला, कुणी काढला, पेन्सिलीने का होईना पण मागे लिहा. फोटो बिघडला असेल, पुसट आला असेल, तर तो कसा बिघडला तेही कुणाला तरी सांगून ठेवा.

आणि एखाद्या दवाखान्याच्या बाकावर किंवा रस्त्याच्या कडेला, रंग उडालेली कापडी पिशवी घेतलेल्या, पांढऱ्या सपाट चपलांच्या बाई तुम्हाला दिसल्या, तर पिशवीच्या बटणाची कड नखाने चाचपून बघा. टवका लागला, तर त्यांच्या शेजारी बसा आणि माझा निरोप द्या. म्हणावे, तुमच्या वडिलांनी तुम्हाला उचलून घेतले होते. ऑक्टोबर होता, दुपार होती. तुम्ही फार हलत होतात, आणि ते हसले होते.